महानगर प्रदेशाची प्रादेशिक योजना इतर नियोजन-धोरणांच्या संदर्भात कशी वाचावी

महाराष्ट्रात जमिनीच्या एकाच तुकड्याविषयी एकाच वेळी अनेक सरकारी कागद बोलत असतात. प्रादेशिक योजनेत तो तुकडा हरित क्षेत्रात असतो, शहराच्या विकास योजनेत त्याच्या कडेने रस्ता आखलेला असतो, जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी पूररेषा त्याच्या मधून जाते, मेट्रोच्या अहवालात त्याच्याजवळ स्थानक दाखवलेले असते आणि गृहनिर्माण धोरणात अशा ठिकाणी परवडणारी घरे व्हावीत असे म्हटलेले असते. शेतकरी असो, गृहनिर्माण संस्थेचा सचिव असो, ग्रामपंचायत सदस्य असो वा बातमीदार असो, यांपैकी जो कागद आधी हाती येतो त्यालाच तो अंतिम समजतो, आणि गफलत तिथेच होते. या सगळ्या कागदांचे वजन सारखे नसते. काही कागद नगररचनेच्या कायद्याने बंधनकारक असतात, काही वेगळ्याच कायद्यातून येऊन मंजूर योजनेलाही अडवतात, आणि काही केवळ शासनाची दिशा सांगतात. म्हणून नकाशावरचा रंग पाहण्याआधी प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारावेत: तो कोणत्या कायद्याखाली निघाला, कोणी काढला, तो कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि त्याची हद्द कुठपर्यंत आहे.

पुढील विवेचन महाराष्ट्रापुरते आहे. त्याचा मुख्य आधार ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ हा असून पुढे त्याला नगररचना अधिनियम असे म्हटले आहे. समजण्याच्या सोयीसाठी कर्जत तालुक्यातील, मुंबई महानगर प्रदेशात येणाऱ्या, उल्हास नदीच्या काठच्या एका काल्पनिक गटाचे (म्हणजे गट नंबर असलेल्या जमिनीच्या तुकड्याचे) उदाहरण अधूनमधून घेतले आहे.

पायरी १ : हद्द आणि प्राधिकरण निश्चित करणे

नगररचना अधिनियमाच्या कलम ३ खाली शासन एखाद्या क्षेत्राला ‘प्रदेश’ म्हणून घोषित करते आणि त्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना तयार होते. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण त्यानंतर, म्हणजे १९७५ मध्ये, अस्तित्वात आले. या प्राधिकरणाने केलेली दुसरी योजना १९९९ मध्ये, तर २०१६ ते २०३६ या काळासाठीची तिसरी योजना २०२१ मध्ये मंजूर झाली.

येथे एक सापळा आहे. तिसऱ्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा महानगर प्रदेशाचे क्षेत्र चार हजार चौरस किलोमीटरहून काहीसे अधिक होते. पुढे हद्द वाढत जाऊन ते सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर झाले. त्यामुळे एखादे गाव आज प्राधिकरणाच्या हद्दीत आहे म्हणून ते या योजनेच्या नकाशावरही असेलच असे धरून चालू नये. नव्याने जोडलेल्या गावासाठी पूर्वीचीच एखादी प्रादेशिक योजना लागू असू शकते. गावाचे नाव योजनेच्या अधिसूचनेसोबतच्या यादीत आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.

योजना कोणी केली आणि परवानगी कोण देते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. महानगरपालिका व नगरपालिका आपापल्या हद्दीत नियोजन प्राधिकरण असतात. पण कलम ४० खाली शासन एखाद्या विशिष्ट क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमू शकते आणि मग त्या क्षेत्रात पालिकेचा नियोजनाचा अधिकार उरत नाही. वांद्रे-कुर्ला संकुल मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही तेथील नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. औद्योगिक क्षेत्रांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ही भूमिका पार पाडते. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे ज्याला सर्वजण ‘नैना’ म्हणतात त्या क्षेत्रासाठी, २०१३ मध्ये सिडकोची नेमणूक झाली. आपला काल्पनिक गट म्हणूनच कर्जत नगरपरिषदेकडे, सिडकोकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे, यांपैकी कोणाच्याही अखत्यारीत असू शकतो, आणि या उत्तरावर पुढच्या जवळजवळ सर्व पायऱ्या अवलंबून आहेत.

याच ठिकाणी राज्यघटनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-झेडई नुसार दहा लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असणे अपेक्षित आहे आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून व पंचायतींच्या अध्यक्षांमधून निवडले जाणे बंधनकारक आहे. पालिका आणि पंचायतींच्या योजना, पाण्याचे वाटप, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास व पर्यावरण-संवर्धन यांचा मेळ या समितीने घालावा, असे घटनेत स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदाही आहे. प्रत्यक्षात मात्र योजनांचा मेळ घालण्याचे काम बहुतांशी नोकरशाहीने चालवलेल्या प्राधिकरणांकडेच राहिले आहे. लोकनियुक्त प्रतिनिधींसाठी घटनेने राखलेली ही जागा इतकी क्षीण राहावी ही गंभीर उणीव आहे आणि सुनावणीच्या वेळी नागरिकांनी ती ठामपणे मांडली पाहिजे.

पायरी २ : योजना कोणत्या टप्प्यावर आहे हे तपासणे

आंतरजालावर मिळणाऱ्या रंगीत नकाशांपैकी अनेक नकाशे मसुद्याचे असतात. मसुदा प्रसिद्ध होणे, त्यावर हरकती व सूचना मागवणे, नियोजन समितीपुढे (ही वरच्या महानगर नियोजन समितीहून वेगळी, हरकती ऐकणारी समिती) सुनावणी होणे, सुधारित योजना शासनाकडे जाणे आणि शासनाने ती मंजूर करणे, अशी ही वाट आहे. मंजुरीसुद्धा बहुधा एका फटक्यात होत नाही. शासन योजनेचा मोठा भाग मंजूर करते आणि ज्या प्रस्तावांत सारभूत स्वरूपाचे फेरबदल करायचे असतात ते ‘वगळलेला भाग’ म्हणून बाजूला ठेवून त्यांवर पुन्हा हरकती मागवते. कार्यालयांत या भागाला ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. आपला गट अशा वगळलेल्या भागात असेल, तर मंजूर नकाशावरील रंग त्याला लागू झालेला नसतो. मुंबईच्या २०३४ च्या विकास योजनेची मंजुरी २०१८ मध्ये अशाच टप्प्याटप्प्याने आली होती.

मसुद्याला काहीच किंमत नसते, असा मात्र याचा अर्थ नाही. कलम ४६ नुसार परवानगीच्या अर्जाचा विचार करताना नियोजन प्राधिकरणाने मसुदा किंवा अंतिम योजनेतील तरतुदी योग्य रीतीने लक्षात घ्याव्या लागतात. म्हणजे जुन्या मंजूर योजनेनुसार मिळू शकणारी परवानगी नव्या मसुद्यातील आरक्षणामुळे, म्हणजे ती जागा सार्वजनिक कामासाठी राखल्यामुळे, अडू शकते. जमीन विकत घेणाऱ्यांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी, कारण सातबाऱ्यावर मसुद्यातील आरक्षणाची कोणतीही नोंद दिसत नाही.

या पायरीवर तीन कागद मिळवावेत. पहिला, नगररचना कार्यालयाचा किंवा संबंधित प्राधिकरणाचा झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या क्षेत्रात येते हे सांगणारा दाखला. दुसरा, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर दाखवणारा भाग नकाशा. तिसरा, मंजुरीची राजपत्रातील अधिसूचना आणि तिला जोडलेले फेरबदलांचे परिशिष्ट. तिसरा कागद बहुतेक जण मागतच नाहीत, आणि खरा निर्णय अनेकदा त्यातच असतो. कार्यालयाने टाळाटाळ केल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा.

पायरी ३ : प्रादेशिक योजना आणि विकास योजना यांचे नाते

कलम २७ नुसार, एखाद्या पालिकेचे क्षेत्र प्रदेशात समाविष्ट असेल तर विकास योजनेचा मसुदा करताना तिने प्रादेशिक योजनेतील प्रस्ताव लक्षात घेतले पाहिजेत आणि त्यांच्या मार्गदर्शनाने चालले पाहिजे. हे नाते आज्ञा आणि पालनापेक्षा चौकट आणि तपशील यांच्या नात्यासारखे आहे. प्रादेशिक योजना सांगते की नागरीकरण कोणत्या बाजूला वाढू द्यायचे, हरित पट्टा कुठे राखायचा, महत्त्वाचे रस्ते कोणत्या दिशेने न्यायचे. विकास योजना त्या चौकटीत शाळा, उद्यान, दवाखाना, बाजार आणि रस्त्याची नेमकी रुंदी बसवते. मंजूर विकास योजना कलम ३१ च्या पोटकलम ६ प्रमाणे नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक असते. म्हणून जेथे मंजूर विकास योजना आहे तेथे रोजच्या परवानग्यांसाठी तीच पाहायची, आणि प्रादेशिक योजना तिच्यामागचा हेतू समजण्यासाठी वाचायची.

जेथे विकास योजना नाही, अशा खेड्यांत चित्र उलटे होते. तेथे प्रादेशिक योजनाच थेट लागू होते. कलम १८ मुळे शेतीव्यतिरिक्त वापरासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते आणि पालिका क्षेत्राबाहेर ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळते. अशा गावांत नकाशावरील क्षेत्राचे नाव शब्दशः महत्त्वाचे ठरते. मुंबई महानगर प्रदेशाच्या १९९९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत नागरीकरणयोग्य क्षेत्र १ व २, औद्योगिक क्षेत्र, पर्यटन व मनोरंजन विकास क्षेत्र, हरित क्षेत्र १ व २ आणि वनक्षेत्र अशी विभागणी होती. दोन हरित क्षेत्रे नकाशावर शेजारीशेजारी आणि जवळपास सारख्याच रंगात दिसतात, पण त्यांत काय बांधता येईल याचे नियम वेगळे असतात. ‘हिरवा पट्टा आहे’ एवढ्या तोंडी माहितीवर व्यवहार करणारे लोक नेमके येथे फसतात.

तिसरी स्थिती संक्रमणाची असते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. हद्द एका अधिसूचनेने बदलते, पण त्या गावांसाठी नवी विकास योजना तयार होऊन मंजूर होण्यास अनेक वर्षे लागतात. मधल्या काळात गावाला पालिका आहे, पण पालिकेची योजना नाही, अशी अवस्था असते आणि जुनी प्रादेशिक योजनाच जमिनीचा वापर ठरवत राहते. बेकायदा बांधकामे सर्वाधिक याच काळात उभी राहतात. रस्त्यासाठी जागा मोकळी ठेवण्याची सर्वाधिक गरजही याच काळात असते.

नकाशाच्या प्रमाणाविषयी एक सूचना. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर ५० मीटर व्यापते, तर १:४,००० च्या नकाशावर तीच रेषा चार मीटरची असते. प्रदेशाच्या लहान प्रमाणावरील नकाशावरून ‘माझ्या गटाचा अर्धा भाग नागरी क्षेत्रात आहे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. क्षेत्राची सीमा गटातून जात असेल तर मोजणी नकाशावर ती उतरवून घेऊन संबंधित कार्यालयाकडून लेखी निश्चिती मागावी.

पायरी ४ : रंगाचा अर्थ नियमावलीत शोधणे

नकाशा फक्त क्षेत्राचे नाव सांगतो. त्या क्षेत्रात किती मजले, किती चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण), कोणते वापर, किती सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. बृहन्मुंबईसाठी २०३४ ची स्वतंत्र नियमावली आहे. उर्वरित राज्यातील बहुतेक क्षेत्रांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यातून बृहन्मुंबईबरोबरच औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, नैना, गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे वगळलेली होती. म्हणजे आपल्या उदाहरणातील गट माथेरानच्या संवेदनशील क्षेत्रात आहे की बाहेर, यावर त्याला कोणती नियमावली लागू होते हेसुद्धा ठरेल.

नियमावलीतील शब्दांचा बदल नकाशावरील रंगापेक्षा किती मोठा परिणाम करू शकतो, याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईच्या गिरणी जमिनींचा आहे. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक-तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकासाठी असे सूत्र होते. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या भागापुरती उरली. बांधकामे पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून निघून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने सुधारित नियम कायम ठेवला. नकाशावर काहीही हलले नव्हते, तरी शहराच्या मध्यभागी मिळू शकणाऱ्या उद्यानांचा आणि घरांचा मोठा वाटा त्या एका दुरुस्तीने गेला. म्हणून योजनेवर हरकत घेणाऱ्याने नकाशाबरोबर नियमावलीचा मसुदाही ओळीने ओळ वाचला पाहिजे, मग तो कितीही कंटाळवाणा असो.

पायरी ५ : योजनेला अडवणारे इतर कायदे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून प्रत्यक्षात तीच सर्वाधिक वगळली जाते. प्रादेशिक योजनेने जमीन नागरी क्षेत्रात दाखवली म्हणजे बांधकामाचा हक्क मिळाला, असे होत नाही. इतर कायद्यांतून आलेले निर्बंध त्या रंगाच्या वर बसतात, आणि दोन्हींत फरक असेल तर व्यवहारात अधिक कडक असलेली अटच पाळावी लागते.

किनाऱ्यालगतच्या जमिनींसाठी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना पाहावी. ती प्रथम १९९१ मध्ये, नंतर २०११ मध्ये आणि पुढे जानेवारी २०१९ मध्ये निघाली. तिचा उगम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ मध्ये आहे आणि त्या अधिनियमाच्या कलम २४ ने त्याखालील नियम व आदेशांना इतर कायद्यांतील विसंगत तरतुदींवर वरचढ स्थान दिले आहे. म्हणूनच राज्याच्या मंजूर योजनेला तिच्यापुढे नमते घ्यावे लागते. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन प्रकार केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या भागात दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोक राहतात तेथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. खाडीकाठचे नियम समुद्रकाठापेक्षा वेगळे आहेत. जमीन कोणत्या प्रकारात येते हे किनारा क्षेत्र व्यवस्थापन योजनेच्या जिल्हानिहाय नकाशावर पाहावे. विकास योजनेच्या नकाशावर कोणीतरी छापलेली भरतीरेषा त्यासाठी पुरेशी नसते.

डोंगराळ भागांसाठी पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांच्या अधिसूचना आहेत. डहाणू १९९१ मध्ये, महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये अधिसूचित झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. या अधिसूचना त्या क्षेत्रासाठी स्वतंत्र बृहत् आराखडा करण्यास सांगतात आणि मग एकाच डोंगरपायथ्यावर दोन योजना लागू होतात. आपला कर्जतचा गट नदीकाठी असला तरी त्याची एखादी बाजू माथेरानच्या क्षेत्रात किंवा त्याभोवतीच्या पट्ट्यात शिरते का, हे गावांच्या यादीवरून आणि सीमेच्या वर्णनावरून तपासावे लागेल.

पूररेषांच्या बाबतीत मला विशेष कळकळ वाटते. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध आणि निळ्या ते लाल रेषेमधला भाग निर्बंधित मानला जातो. परंतु सर्व नद्यांवर सर्व ठिकाणी या रेषा आखलेल्या नाहीत, आणि जेथे आखल्या आहेत तेथेही जुन्या योजनेच्या नकाशावर त्या आढळतीलच असे नाही. नकाशावर रेषा नसणे म्हणजे पूर नसणे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीने आपल्या पात्रातला आणि काठावरचा भराव ओळखून मार्ग बदलला नाही. उल्हास खोऱ्यातही बदलापूर-कल्याण पट्ट्याने त्याच दिवशी महापूर पाहिला. ज्या गटाला नदी लागून आहे त्याच्या मालकाने, खरेदीदाराने आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानेही योजनेवर न थांबता जलसंपदा विभागाकडून पूररेषेची माहिती लेखी घेतली पाहिजे. गावातील वयस्क माणसांना पाणी कुठवर आले होते ते विचारावे आणि ते टिपून हरकतीला जोडावे, कारण अशी माहिती अनेकदा कोणत्याही नकाशावर नसते.

वनांचा प्रश्न सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दडलेला असतो. १९८० चा वन संवर्धन अधिनियम वनजमिनीच्या वनेतर वापरासाठी केंद्राची मंजुरी आवश्यक करतो, आणि १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमामुळे अनेक खासगी जमिनींवर वनाची नोंद झाली. त्यासंबंधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनाविषयीची जुनी नोटीस नुसती निघालेली असणे पुरेसे नसून ती मालकावर बजावली गेलेली असणे आवश्यक ठरवले. तरीही नोंद असेल तर आधी महसूल व वन विभागाकडून स्थिती स्पष्ट करून घ्यावी.

उरलेल्या निर्बंधांची थोडक्यात नोंद पुरे आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे रंगनिहाय नकाशे असतात. संरक्षण आस्थापनांजवळ त्यांच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो. महामार्गालगत इमारत-रेषा व नियंत्रण-रेषा असतात.

पायरी ६ : वाहतूक, घरे, हवामान यांविषयीची धोरणे योजनेत कशी शिरतात

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ मध्ये आले. मेट्रो रेल्वे धोरण आणि वाहतूक-केंद्री विकासाचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले. शहरे आपापले सर्वंकष वाहतूक आराखडे करतात. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. नागरी व प्रादेशिक नियोजनासाठी केंद्राची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. यांपैकी कोणताही कागद स्वतःहून कोणाची परवानगी थांबवू किंवा देऊ शकत नाही, कारण यांच्यामागे नगररचना अधिनियमाचे बळ नाही. नामसाधर्म्यामुळेही घोटाळा होतो. २००५ च्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात शहरांनी केलेला ‘शहर विकास आराखडा’ हा गुंतवणुकीचा दस्तऐवज होता. त्याचा कायदेशीर विकास योजनेशी काहीही संबंध नव्हता, तरी सभांमध्ये लोक त्याचा दाखला योजनेसारखा देत असत.

अशा धोरणाला बळ मिळण्याचे मार्ग ठरलेले आहेत. प्रादेशिक योजनेत बदल करायचा तर कलम २० खाली आणि विकास योजनेत करायचा तर कलम ३७ खाली. कलम ३७ च्या फेरबदलाला एक मर्यादा आहे: त्याने योजनेचे स्वरूपच बदलता कामा नये. तिसरा मार्ग कलम १५४ चा. त्याखाली शासन केंद्राच्या किंवा राज्याच्या धोरणांच्या व प्रकल्पांच्या अंमलबजावणीसाठी नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकते. हा मार्ग झटपट आहे आणि म्हणूनच त्याकडे लक्ष हवे. धोरण चांगले असो वा वाईट, लोकांना हरकत घेण्याची संधी न देता ते जमिनीवर उतरू लागले तर योजनेवरील सार्वजनिक चर्चेला काय अर्थ उरतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

धोरण नियमात रूपांतरित झाल्याची दोन उदाहरणे उपयोगी पडतील. मेट्रो स्थानकाभोवती दाट वस्ती असावी हा विचार धोरणात होता. नागपूर आणि पुणे येथे मेट्रोलगतच्या ५०० मीटर पट्ट्यासाठी वाढीव चटई क्षेत्र निर्देशांकाची तरतूद नियमावलीत आल्यावरच त्याचा लाभ घेता येऊ लागला. त्याचप्रमाणे सर्वसमावेशक गृहनिर्माणाचे तत्त्व नियमावलीत आल्यामुळे मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांच्या विकासात २० टक्के वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवणे बंधनकारक झाले. याउलट, हवामान आराखड्यातील शिफारस कितीही शहाणपणाची असली तरी ती नियमावलीच्या एखाद्या कलमात उतरेपर्यंत बांधकाम परवानगीच्या टेबलावर तिला जागा नसते.

म्हणून धोरणाचा कागद वाचताना शेजारी एक ओळ लिहीत जावे: ही शिफारस कोणत्या नियमात उतरली, कोणत्या तारखेला, की अजून उतरलेलीच नाही.

पायरी ७ : पैसा आणि मुदत

आरक्षणामागे पैसा आहे का, हे पाहणेही योजनेच्या वाचनाचाच भाग आहे. आरक्षित जमीन ताब्यात घेण्याचे मार्ग कलम १२६ मध्ये दिले आहेत: सहमतीने, हस्तांतरणीय विकास हक्क (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटई क्षेत्र देऊन, अथवा भूसंपादन करून. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला वाढल्यामुळे पालिका बहुधा विकास हक्कांचा मार्ग पसंत करतात. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. विकास योजनेची उजळणी साधारणतः २० वर्षांतून एकदा करावयाची असते. या दोन मुदतींमध्ये शहराची अनेक मैदाने आणि शाळांच्या जागा कायमच्या हातातून जातात, म्हणून आपल्या प्रभागातील आरक्षणांची दहा वर्षे कधी भरतात हे आधीच लिहून ठेवावे आणि पालिकेच्या अंदाजपत्रकात त्यांच्या संपादनासाठी तरतूद आहे का ते दरवर्षी पाहावे.

पायरी ८ : विसंगती शोधून हरकत लिहिणे

वरील पायऱ्यांची टिपणे एका पानावर मांडावीत. एका बाजूला कागदाचे नाव, कायदा, तारीख व हद्द आणि समोर तो कागद आपल्या गटाविषयी काय म्हणतो ते. दोन कागद परस्परविरुद्ध बोलत असतील ती जागा ताबडतोब दिसते. उदाहरणार्थ, मसुदा योजना आपला नदीकाठचा गट निवासी क्षेत्रात दाखवते, पण जलसंपदा विभागाच्या पत्रानुसार त्याचा भाग निळ्या रेषेच्या आत आहे. किंवा प्रादेशिक योजनेत हरित ठेवलेला पट्टा विकास योजनेच्या मसुद्यात कोणतेही कारण न देता नागरी झाला आहे.

हरकत नोटिशीत दिलेल्या मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन द्यावी. ‘आमचा या योजनेला विरोध आहे’ एवढ्या वाक्यावर समितीला काहीही करता येत नाही. गट नंबर, प्रस्तावाचा क्रमांक, विसंगत कागदाचा तपशील आणि आपल्याला हवा असलेला नेमका बदल, या चार गोष्टी असाव्यात. वाक्यरचना पुढीलप्रमाणे ठेवता येईल: ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक हा मसुदा विकास योजनेत निवासी क्षेत्रात दर्शविला आहे. मंजूर प्रादेशिक योजनेत तो हरित क्षेत्रात असून, सोबत जोडलेल्या पत्रानुसार त्याचा भाग निषिद्ध पूरक्षेत्रात येतो. अधिनियमाच्या कलम २७ अन्वये प्रादेशिक योजनेचे प्रस्ताव विचारात घेणे आवश्यक असल्याने, सदर गट हरित क्षेत्रात कायम ठेवावा आणि नकाशावर पूररेषा दर्शवावी, ही विनंती. सुनावणीस प्रत्यक्ष उपस्थित राहून म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.’

एकाच विषयावर शेकडो ठरावीक छापील अर्ज देण्यापेक्षा ग्रामसभेचा किंवा संस्थेचा ठराव जोडलेली थोडी पण सविस्तर निवेदने सुनावणीत अधिक उपयोगी पडतात, कारण प्रत्येक मुद्द्यावर समितीला अहवालात मत नोंदवावे लागते. सुनावणीनंतर नियोजन समितीच्या अहवालाची प्रत मागावी, आपल्या हरकतीसमोर काय शिफारस लिहिली आहे ते पाहावे, आणि शासनाची मंजुरीची अधिसूचना निघाल्यावर तिच्या परिशिष्टात आपला गट क्रमांक मंजूर भागात आहे, फेरबदलांत आहे की वगळलेल्या भागात, हे पुन्हा एकदा तपासावे. तो वगळलेल्या भागात असेल तर हरकतीची नवी मुदत त्या अधिसूचनेतच दिलेली असते.